एक यंत्र, अनेक बिऱ्हाडे : मेनफ्रेम संगणकावरील आभासी यंत्रे



परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. या गावातील खातेदारास पीककर्जासाठी, पीकविम्यासाठी किंवा खरेदीखतासाठी सातबाऱ्याचा उतारा हवा असला, म्हणजे पूर्वी त्याला तलाठ्याच्या सज्जावर जावे लागे. दप्तर उघडले जाई आणि हाताने लिहिलेला उतारा त्याच्या हाती पडे. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला आणि उताऱ्याची ही वाट पुष्कळच बदलली. आता तो संगणकाच्या पडद्यावर उमटतो आणि कागदावर छापून घेता येतो.

सज्जातील दप्तराचे कपाट डोळ्यांना दिसत असे. त्याची किल्ली कोणाकडे आहे, भिंतीच्या ओलीपासून ते सुरक्षित आहे की नाही, हे कोणालाही विचारता येत असे. संगणकातील दप्तराचे कपाट मात्र दिसत नाही. ते शेकडो किलोमीटर दूर एखाद्या डेटा सेंटरमध्ये असते. इतकेच नव्हे, तर ज्या यंत्रात असे दप्तर ठेवलेले असते ते पुष्कळदा स्वतंत्र यंत्रही नसते. एका मोठ्या यंत्राचा एक भाग स्वतंत्र यंत्राप्रमाणे वागावा, अशी योजना तेथे केलेली असते. अशा भागास आभासी यंत्र असे म्हणतात. ही कल्पना जन्मली ती मेनफ्रेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकांवर, आणि तेथेच ती सहा दशके सतत विकसित होत आली.

या योजनेचा लाभ उघड आहे. यंत्रे कमी लागतात, जागा वाचते, वीज वाचते, देखभालीचे मनुष्यबळ वाचते. परंतु अनेकांची दप्तरे एका छताखाली आली, म्हणजे त्या छताची जबाबदारीही अनेक पटींनी वाढते. एकत्रीकरणाने काटकसर होते आणि त्याच एकत्रीकरणाने धोकाही एकवटतो. मेनफ्रेमवरील या प्रणालीत अलीकडच्या काळात ज्या नव्या सोयी आल्या, त्यांतील महत्त्वाच्या सोयी म्हणजे या एकवटलेल्या धोक्याला दिलेले उत्तर होय. ते उत्तर कोठवर पुरते आणि कोठे अपुरे पडते, हे ज्यांच्या हातून लोकांचे दाखले, उतारे आणि अर्ज जातात त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कल्पनेचा जन्म

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. आजच्या हिशेबाने ती जेमतेम दहा हजार अक्षरांची स्मृती होय. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि अन्य संस्थांतील संशोधकही आपली गणिते त्यावर सोडवून घेऊ लागले. त्या काळी जगात सर्वत्र संगणक अतिशय महाग आणि वापरू इच्छिणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. छिद्रे पाडलेल्या कार्डांची गठडी द्यावयाची, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे आणि एखादे चिन्ह चुकले असल्यास दुरुस्ती करून पुन्हा रांगेत उभे राहावयाचे, असा हा क्रम होता.

संगणक एकच असला तरी प्रत्येक वापरणाऱ्यास तो आपला एकट्याचाच आहे असे वाटावे, असे काही करता येईल काय, या प्रश्नावर अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या वैज्ञानिक केंद्रात काम सुरू झाले. रॉबर्ट क्रीसी यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेली ‘सीपी-४०’ ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली. एका संगणकावर एका वेळी १४ आभासी यंत्रे चालविण्याची तिची क्षमता होती. पुढे ‘सीपी-६७’ ही तिची सुधारलेली आवृत्ती आली आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी ‘व्हीएम-३७०’ ही प्रणाली आयबीएमने अधिकृतपणे जाहीर केली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली होती आणि त्याच वर्षीच्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून निघाला होता. म्हणजे या भागातील ज्येष्ठांच्या स्मरणात जो काळ अजून ताजा आहे, त्याच काळात हे तंत्र बाजारात आले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत भारताचा या यंत्रांशी असलेला संबंध बदलला. परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांच्या भांडवलातील वाट्यावर मर्यादा आणली. ती अट आयबीएमने स्वीकारली नाही आणि १९७८ मध्ये कंपनीने भारतातील आपला व्यवसाय आवरता घेतला. तिने मागे ठेवलेल्या यंत्रांच्या देखभालीचा भार सीएमसी या सरकारी कंपनीने उचलला. यंत्र एकाच उत्पादकाचे असले आणि तो उत्पादक निघून गेला, तर मागे राहणाऱ्यांनी काय करावयाचे, हा प्रश्न या देशाला त्या वेळी प्रत्यक्षात सोडवावा लागला. तो प्रश्न आजही विस्मरणात जाऊ देण्यासारखा नाही.

वाड्याची रचना

आभासी यंत्राची कल्पना समजण्यासाठी जुन्या वाड्याचे उदाहरण उपयोगी पडेल. वाडा एकाच मालकाचा, पण त्यात अनेक बिऱ्हाडे राहतात. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल निराळी, कुलूप निराळे, रीतभात निराळी. एका घरात भांडण झाले म्हणून शेजारच्या घरची चूल विझत नाही. आड मात्र सर्वांचा एक, अंगण एक आणि छप्परही एकच.

मेनफ्रेमच्या वाड्यात बिऱ्हाड करणारी प्रत्येक कार्यप्रणाली ‘पाहुणी’ म्हणून ओळखली जाते. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची स्मृती, डिस्क, पडदा आदी साधनांचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. सर्व पाहुण्यांवर देखरेख ठेवणारा जो भाग असतो त्याला नियंत्रण कार्यक्रम किंवा हायपरव्हायजर असे म्हणतात. यातील गंमत अशी की, प्रत्येक पाहुणीची समजूत आपणच मालक आहोत अशी असते. ती साधे गणित करते तेव्हा ते थेट खऱ्या प्रोसेसरवरच होते. त्यात कोणी मध्ये पडत नाही. परंतु डिस्कवर लिही, स्मृतीचा अमुक भाग ताब्यात घे, अशी मालकी हक्काची आज्ञा तिने दिली की खरे यंत्र ती आज्ञा अडविते आणि नियंत्रण कार्यक्रमाकडे सोपविते. तो पाहुणीचा अधिकार तपासतो, काम तिच्या हद्दीतच करून देतो आणि निकाल तिच्या हाती ठेवतो. पाहुणीला या मध्यस्थीचा पत्ताही लागत नाही. ही मध्यस्थी वेळखाऊ ठरू नये म्हणून १९८० च्या दशकात यंत्राच्या रचनेतच त्यासाठी खास आज्ञा समाविष्ट करण्यात आली.

अधिकार तपासावयाचा तो कशाच्या आधारे? त्यासाठी नियंत्रण कार्यक्रमाजवळ एक नोंदवही असते. कोणत्या पाहुणीला किती स्मृती, किती प्रोसेसर, डिस्कचा कोठून कोठपर्यंतचा भाग आणि कोणते विशेषाधिकार, हे सर्व तीत लिहिलेले असते. महसुली भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक पाहुणीचा तो सातबाराच होय. मोठ्या गटाचे पोटहिस्से पडावेत तसे एका मोठ्या डिस्कचे तुकडे करून ते निरनिराळ्या पाहुण्यांच्या नावे लावले जातात आणि नोंदवहीत ज्याचे नाव नाही त्याला त्या तुकड्याच्या बांधावरही येता येत नाही. मात्र ज्याप्रमाणे सातबाऱ्यावरील चुकीची नोंद गावात वाद निर्माण करते, त्याप्रमाणे या नोंदवहीतील चुकीची नोंद एका पाहुणीचा माल दुसरीला उघडा करू शकते. म्हणून ती नोंदवही कोणी लिहावी, कोणी तपासावी आणि बदल कोणाच्या मान्यतेने व्हावेत, याला यंत्राच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व आहे.

पाणीपाळी आणि वाटा

प्रोसेसरची शक्ती पाहुण्यांमध्ये वाटली जाते ती कालव्याच्या पाण्याप्रमाणे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास पाणीपाळी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पाणी सर्वांना एकाच क्षणी पुरत नाही. ते पाळीपाळीने द्यावे लागते. संगणकातील पाळी मात्र सेकंदाच्या अत्यल्प भागाची असते, त्यामुळे प्रत्येकास आपले शेत अखंड भिजत असल्याचा भास होतो.

या वाटपाचे दोन प्रकार आहेत. पहिला निश्चित वाटा : अमुक पाहुणीला एकूण शक्तीच्या दहा टक्के मिळालेच पाहिजेत, असे ठरवून देता येते. दुसरा सापेक्ष वाटा. समजा, तीन पाहुण्यांचे वाटे १००, १०० आणि २०० असे आहेत. तिघी एकाच वेळी कामात असतील तर त्यांना अनुक्रमे २५, २५ आणि ५० टक्के शक्ती मिळेल. त्यांपैकी तिसरी स्वस्थ असेल तर तिचा वाटा वाया न जाता उरलेल्या दोघींत विभागला जाईल. शिवाय एखादीने काही झाले तरी अमुक मर्यादेपलीकडे उपसा करू नये, अशी कमाल मर्यादाही घालता येते. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचण्यासाठी वरच्या भागातील उपशावर नियंत्रण लागते, हे तत्त्व येथेही तसेच लागू पडते.

स्मृतीची उसनवारी

स्मृतीचे वाटप अधिक नाजूक आहे. उदाहरणार्थ, दहा पाहुण्यांपैकी प्रत्येकीला चार एकक स्मृती दिल्याचे नोंदवहीत लिहिले, तर बेरीज ४० होते. प्रत्यक्षात यंत्रात २४ एककेच असली तरी काम चालू शकते. कारण सर्वजणी आपली सर्व स्मृती एकाच वेळी वापरीत नाहीत. नियंत्रण कार्यक्रम स्मृतीची लहान लहान पाने करतो. जी पाने बराच वेळ उघडली गेली नाहीत ती डिस्कवर नेऊन ठेवतो आणि मागणी होताच परत आणतो. पतपेढीतील सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढावयास येत नाहीत, या भरवशावर जसा तिचा व्यवहार चालतो, तसाच हा व्यवहार आहे.

परंतु सर्व ठेवीदार खरोखरीच एका दिवशी आले तर? मग यंत्राचा सारा वेळ पाने नेण्या-आणण्यातच जातो आणि मुख्य काम जवळजवळ थांबते. खरीप हंगामाच्या विम्याची मुदत संपत आली, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी झुंबड उडाली, की ‘सर्व्हर चालत नाही’ असे जे वाक्य सेवा केंद्रातून ऐकू येते, त्यामागे अनेक कारणे असू शकतात. कधी गावातील जोडणी तुटलेली असते, कधी आज्ञावलीत दोष असतो. तथापि साधनांपेक्षा वाटप जास्त करून ठेवणे आणि गर्दीच्या दिवसाचा अंदाज न घेणे, हेही त्यांतील एक कारण असू शकते. हा दोष यंत्राचा नव्हे, नियोजनाचा आहे.

नव्या सोयी

या प्रणालीचा आजचा वारस ‘झेड-व्हीएम’ या नावाने ओळखला जातो. २००० मध्ये या नावाने ती प्रथम आली. त्याच सुमारास लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली मेनफ्रेमवर चालू लागली आणि एका चाचणीत एकाच मेनफ्रेमवर ४१,४०० लिनक्स पाहुण्या उभ्या करण्यात आल्या. नित्याच्या कामात एवढ्या पाहुण्या कोणी ठेवीत नाही. परंतु वाड्यात किती बिऱ्हाडे मावू शकतात याची ती एक परीक्षा होती.

इतकी बिऱ्हाडे आली म्हणजे छपराची चिंता आलीच. वाड्याची डागडुजी करावयाची तर भाडेकरूंनी कोठे जावे? नियंत्रण कार्यक्रमाची नवी आवृत्ती बसवावयाची असो वा यंत्राची दुरुस्ती असो, पूर्वी सर्व पाहुण्यांचे काम एकदमच बंद ठेवावे लागे. २०११ च्या अखेरीस आलेल्या ६.२ या आवृत्तीने या अडचणीवर उपाय दिला. तीत चार झेड-व्हीएम प्रणालींचा एक संघ करून त्यांचा कारभार एकत्र चालविण्याची सोय झाली आणि चालू स्थितीतील लिनक्स पाहुणी काम न थांबविता एका प्रणालीतून दुसरीत नेता येऊ लागली.

हे स्थलांतर कसे होते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम पलीकडच्या यंत्रात पाहुणीला लागणारी स्मृती, डिस्क व जाळ्याची जोडणी उपलब्ध आहे की नाही हे तपासले जाते. नसेल तर स्थलांतर सुरूच होत नाही. नंतर तिच्या स्मृतीतील पाने पलीकडे पाठविली जातात. या काळात पाहुणी मूळ जागी काम करीतच असते, त्यामुळे काही पाने बदलतात. ती पुन्हा पाठविली जातात. अशा काही फेऱ्या झाल्या की थोडी पाने उरतात. मग पाहुणीला अल्पकाळ थांबवून ती शेवटची पाने हलविली जातात आणि दुसऱ्या यंत्रात ती जेथे थांबली होती तेथूनच पुढे काम करू लागते. खिडकीपाशी बसलेल्या नागरिकाला आपला अर्ज मधल्या मधे एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात गेला, हे कळतही नाही.

पुढील आवृत्त्यांनी याच दिशेने भर घातली. २०१३ मधील ६.३ या आवृत्तीत नियंत्रण कार्यक्रमाला हाताळता येणारी स्मृती २५६ गिगाबाइटवरून एक टेराबाइटवर नेण्यात आली. २०१६ मधील ६.४ आवृत्तीत ती दुप्पट झाली. जी पाने स्मृतीतून डिस्कवर ठेवली जातात ती सांकेतिक लिपीत बदलून ठेवण्याची सोयही पुढे आली. त्यामुळे डिस्क चुकीच्या हाती पडली तरी तिच्यावरील ही पाने वाचता येत नाहीत. संघ करण्याची सोय पूर्वी वेगळे मूल्य देऊन घ्यावी लागे. २०१८ च्या ७.१ या आवृत्तीपासून ती मूळ प्रणालीतच समाविष्ट झाली. २०२२ च्या ७.३ या आवृत्तीने संघातील सदस्यांची मर्यादा चारवरून आठवर नेली. म्हणजे एक सदस्य दुरुस्तीसाठी बाजूला काढला तर त्याचा भार आता तिघांऐवजी सातजणांत वाटता येतो.

आणखी एक सोय जुनी असूनही आजच्या कारभारास विशेष उपयोगाची आहे. या प्रणालीत स्वतः नियंत्रण कार्यक्रमच दुसऱ्याचा पाहुणा म्हणून चालविता येतो. म्हणजे वाड्यातच वाड्याची प्रतिकृती उभारून नवी आवृत्ती तीत आधी वापरून पाहता येते आणि खात्री पटल्यानंतरच ती मुख्य कामाला लावता येते. लोकांच्या चालू व्यवहारावर प्रयोग न करता प्रयोग करण्याची ही शिस्त आहे.

सोयींच्या मर्यादा

या सोयींचे कौतुक करताना त्यांची सीमाही ध्यानात घेतली पाहिजे. चालत्या पाहुणीचे स्थलांतर हा नियोजित कामाचा उपाय आहे. यंत्र अकस्मात बंद पडले, तर पाने पाठविण्यास अवसरच मिळत नाही. अशा वेळी पाहुणीला दुसऱ्या सदस्यावर नव्याने सुरू करावे लागते आणि तेवढा वेळ काम थांबतेच. आग लागली वा पूर आला, तर एकाच इमारतीतील सर्व सदस्य एकदम संकटात सापडतात. तेव्हा दूरच्या शहरात ठेवलेली प्रतच उपयोगी पडते. आणि ती प्रत खरोखरी वाचता येते की नाही हे वेळोवेळी पाहिले नसेल, तर तीही असून नसल्यासारखीच.

दुसरी मर्यादा याहून मूलगामी आहे. आभासी यंत्र नोंद जपते. नोंद खरी की खोटी हे ते ठरवीत नाही. वारसाची नोंद राहून गेली असेल, क्षेत्र चुकीचे लिहिले गेले असेल, तर आठ सदस्यांचा संघही ती चूक तितक्याच इमानाने जपून ठेवील. नोंदीची शुद्धता ही ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याच्या, आणि मंडल अधिकाऱ्याच्या दक्षतेवरच अवलंबून राहते.

तिसरी मर्यादा परावलंबनाची. मेनफ्रेम, त्याची प्रणाली आणि तिच्या सुधारणा या एकाच उत्पादकाकडून येतात. १९७८ चा अनुभव पाहता, आपली माहिती कोणत्याही यंत्रातून बाहेर काढून दुसऱ्या यंत्रात ठेवता येईल अशा स्वरूपात असणे, ही कोणत्याही सार्वजनिक व्यवस्थेची प्राथमिक गरज मानली पाहिजे.

महाराष्ट्रातील व्यवहार

महाराष्ट्राच्या शासकीय कामासाठी वापरली जाणारी आभासी यंत्रे साधारणतः मेनफ्रेमवर नव्हे, तर नेहमीच्या बनावटीच्या सर्व्हरांवर चालतात. तत्त्व मात्र तेच आहे. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. राज्याराज्यांत डेटा सेंटर उभारण्याची योजना केंद्राने २००८ मध्ये मंजूर केली. २०१४ मध्ये ‘मेघराज’ ही शासकीय क्लाउड सेवा सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय माहिती क्लाउडवर ठेवण्यासंबंधीचे आपले धोरण जाहीर केले. क्लाउड हा शब्द आकाशातील असला, तरी त्याचा पाया ही जमिनीवरची आभासी यंत्रेच आहेत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवरून करतो. अशा कामाचा भार वर्षभर सारखा नसतो. हंगामाच्या ठराविक आठवड्यांत तो वाढतो. त्या आठवड्यांपुरता वाटा वाढविणे आणि नंतर तो इतर कामांकडे वळविणे, हे स्वतंत्र यंत्रांच्या पद्धतीत जवळजवळ अशक्य होते. आभासी यंत्रांमुळे ते शक्य झाले आहे. पण शक्य असणे आणि वेळेवर केले जाणे यांत अंतर आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. यंत्र बंद होते, हे कारण कार्यालयाला सांगावयास सोपे असले, तरी हुकलेली मुदत अर्जदाराला परत मिळत नाही.

शिक्षकांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी

मुंबई आणि पुणे येथील संगणक कंपन्यांत गेली अनेक दशके महाराष्ट्रातील तरुण विदेशांतील बँका व विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवरील आज्ञावली सांभाळीत आले आहेत. हे ज्ञान मोठ्या शहरांपुरतेच मर्यादित राहावे असे काही कारण नाही. १९७० च्या दशकातील व्हीएम-३७० ही प्रणाली आज विनामूल्य उपलब्ध आहे आणि ‘हर्क्युलीस’ नावाच्या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने ती साध्या संगणकावरही चालते. शाळेतील एका संगणकात जुना मेनफ्रेम उभा करावा, त्यात दोन पाहुण्या सुरू कराव्यात, एकीला मुद्दाम बंद पाडावे आणि दुसरी चालूच राहते हे विद्यार्थ्यांना दाखवावे. एका तासिकेत होणारा हा प्रयोग विलगीकरणाचे तत्त्व पुस्तकातील दहा पानांहून अधिक स्पष्ट करील. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आयबीएमच्या ‘झेड एक्सप्लोर’ या विनाशुल्क अभ्यासक्रमाद्वारे प्रत्यक्ष मेनफ्रेमवरही सराव करता येतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी यंत्राची सर्व अंगे जाणावीत अशी अपेक्षा नाही. विहिरीला मान्यता देताना प्रत्येकजण भूगर्भशास्त्रज्ञ नसतो. तरीही पाणी किती लागेल, उन्हाळ्यात टिकेल काय, कठडा आहे काय, हे तो विचारतोच. कोणतीही सेवा संगणकावर आणली जात असता तसेच काही प्रश्न विचारता येतील. आपल्या सेवेला गर्दीच्या दिवशी निश्चित वाटा राखून ठेवला आहे काय? दुरुस्तीच्या वेळी सेवा चालू ठेवण्याची सोय आहे काय, आणि नसेल तर बंदची पूर्वसूचना गावाला मिळते काय? माहितीची प्रत दुसऱ्या शहरात आहे काय आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली गेली? प्रवेशाचे अधिकार कोणाकोणाला आहेत आणि बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे नाव त्यातून काढले आहे काय? यंत्र पूर्णपणे बंद असेल त्या दिवशी आलेल्या अर्जाची पोच कागदावर देण्याची पद्धत ठरलेली आहे काय?

यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रणालीच्या कोणत्याही आवृत्तीत सापडणार नाही. ते कार्यालयातच ठरवावे लागेल. वाड्यातील बिऱ्हाडे सुरक्षित राहतात ती भिंती भक्कम असल्यामुळे, तशीच वाडा सांभाळणारा माणूस जागा असल्यामुळे. मेनफ्रेमवरील साठ वर्षांच्या या वाटचालीने भिंती भक्कम करून दिल्या आहेत. जागे राहण्याचे काम मात्र त्या त्या कार्यालयाकडे आणि त्या त्या गावाकडेच आहे.